नदीकाठाने डबलसीट

सप्टेंबर लागला की मी हेल्मेटला काटे लावायला बसतो. काटे म्हणजे काय, तर इलेक्ट्रिशियन लोक वायरी बांधायला वापरतात त्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या. त्या हेल्मेटच्या भोकांतून ओवायच्या, घट्ट ओढायच्या आणि शेपट्या कापून न टाकता तशाच उभ्या ठेवायच्या. सिडनीतल्या आमच्या क्वेकर्स हिलमध्ये या दिवसांत मॅगपायची पिल्लं अंड्यातून बाहेर आलेली असतात. मॅगपाय म्हणजे इथला काळापांढरा, कावळ्याहून देखणा आणि कावळ्याहून खडूस पक्षी. एरवी वर्षभर अंगणात येऊन गळा मोकळा करून गातो. पण पिल्लं झाली की घरातल्या बापाचं डोकं फिरतं. आईचं नाही, बापाचं. घरट्याखालून सायकल गेली रे गेली की मागून येऊन टाळक्यात चोच. काट्यांना तो खरंच बिचकतो का, देव जाणे. इथे सगळे लावतात म्हणून मीही लावतो.

परवा मागच्या पायरीवर बसून हेच करत होतो. कुंपणावरच्या जाईचा वास सुटला होता. वॉटलच्या, म्हणजे इथल्या बाभळीच्या, फुलांचा पिवळा भुगा वाऱ्याने अंगणभर झाला होता. वसुधा, म्हणजे माझी बायको, कपडे वाळत घालता घालता म्हणाली की आधी जुने काटे तरी काढ. त्यातला एक अर्ध्यात मोडलेला आहे. मी म्हटलं, राहू दे तो. तिने पुढचा कपडा झटकला. तो कुठे मोडला हे तिला माहीत आहे.

तो मोडला हॉलंडमध्ये, आयसेल नावाच्या नदीच्या बांधावर, गेल्या सप्टेंबरात.

आमची सई तिकडे असते. एकुलती एक. मास्टर्सला गेली तेव्हा दोन वर्षांत येते म्हणाली होती. दोन वर्षं झाली, मग नोकरी लागली, मग नोकरी पक्की झाली, आणि 'परत कधी' हे भिजत घोंगडं तसंच पडून राहिलं. फोनवर तो विषय कुणी काढायचा नाही, असं न बोलता ठरून गेलं होतं. आणि एक दिवस तिनेच म्हटलं, बाबा, ये ना, आपण नदीच्या काठाने सायकलवर जाऊ, एकेका जुन्या गावात रात्री राहू, सामान हॉटेलवाले पुढे पोचवतात. वसुधाला सायकल येत नाही. शिवाय तिच्या चाइल्डकेअरमध्ये त्या महिन्यात सुट्टी मिळणार नव्हती. तेव्हा मी एकटाच निघालो.

एकटा निघालो खरा, पण वकील म्हणून. बॅगेत गोडा मसाला, भाजणी आणि मेतकूट भरता भरता वसुधाने मला कामगिरी सांगितली. सईला विचारायचं. ती कायमची परत येणार आहे की नाही, एकदाच, सरळ. मी म्हटलं, तूच विचार की फोनवर. तर म्हणाली, "ती नाही म्हणाली तर मी तिथेच रडेन. तुला कोरडं राहायला जमतं." यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही सांगता येत नाही.

हॉलंड नाही, नेदरलँड्स म्हण, असं सईने मला पहिल्याच तासाला बजावलं. म्हणतो. पण शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकात हॉलंडच होतं, त्याला मी काय करू? त्या पुस्तकात एक वाक्य होतं की या देशाचा बराच भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. परीक्षेला हमखास यायचं. पाण्याच्या खाली घर असणं म्हणजे काय, हे मात्र आर्नेम शहरातून निघून बांधावर चढलो तेव्हा कळलं. बांध म्हणजे आपल्या शेताचा बांध नव्हे. चांगला घराएवढा उंच, अंगावर गवत, गवतावर मेंढ्या आणि माथ्यावर सायकलीचा रस्ता. एका हाताला नदी. दुसऱ्या हाताला खाली घरं, त्यांची कौलं आपल्या पायडलच्या पातळीला. एक म्हातारी खाली परसात सफरचंदं वेचत होती. मी तिच्या छपरापेक्षा उंचावरून सायकल हाकत होतो आणि तिने वर बघून हात हलवला.

नदी मात्र अगदीच शांत. वळणं घेत, कुठेही जायची घाई नसल्यासारखी. मधूनच लांबलचक मालवाहू बोट यायची. तिच्या मागच्या टोकाला खलाशाचं बिऱ्हाड, खिडकीत कुंड्या, टपावर मोटार. तिच्या लाटा काठाच्या वाळूपर्यंत यायच्या आणि तिथे पाण्यात पाय घालून उभ्या असलेल्या गाई जराशा सरकायच्या. बाकी हालचाल म्हणून नाही. आभाळ एवढं मोठं की माणसाला उगाच आपण चुकून इथे आलो असं वाटावं. मला तर वाटत होतंच. सई पुढे आणि मी मागे. तिच्या पाठीकडे बघत मी दिवसच्या दिवस चाललो होतो आणि प्रश्न माझ्या घशाशी येऊन परत जात होता.

हेल्मेटची गंमत सांगतो. ऑस्ट्रेलियात हेल्मेटशिवाय सायकल चालवली तर दंड होतो, त्यामुळे ते माझ्या डोक्याला चिकटलेलंच. हॉलंडात कुणीच घालत नाही. आजोबा नाहीत, तान्ही पोरं नाहीत. मी सिडनीहून आणलेलं घातलं, वर मॅगपायसाठी लावलेले काटे तसेच, कारण ते काढायचं कुणाच्या लक्षात होतं! डूसबर्ग नावाच्या गावात शाळा सुटली होती. पोरांचा अख्खा घोळका सायकली थांबवून माझ्याकडे बघत राहिला. सईने मान खाली घातली आणि म्हणाली, "बाबा, प्लीज. यू लुक लाइक अ साळिंदर." साळिंदर हा शब्द तिच्या लक्षात आहे याचंच मला एवढं बरं वाटलं की अपमान कुठच्या कुठे गेला.

त्याच गावात मोहरीचं सूप मिळतं. फार जुनी परंपरा म्हणे. मी मोठ्या आशेने मागवलं. फोडणीशिवाय मोहरी म्हणजे काय ते तिथे कळलं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी पावाबरोबर ग्लासात ताक आलं. ताक! या लोकांकडे जेवताना ताक पितात. मी मीठ मागितलं, वेटरने ते आणलं आणि मी ते ताकात घातलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. सई हसत होती. मग म्हणाली की मी रोज असंच पिते, ऑफिसमध्ये सगळ्यांना सवय झाली आहे आता. ऑफिसमध्ये सगळ्यांना. मी ग्लास खाली ठेवला.

ती नदीचंच काम करते. जेवणानंतर तिने मला बांधावर नेऊन दाखवलं. पूर्वी या लोकांनी नदी दोन भिंतींत कोंडली होती, मग पूर यायचे. आता कित्येक ठिकाणी बांध मागे घेतले आहेत, मध्ये कुरण सोडलं आहे. पाणी वाढलं की पसरतं आणि ओसरलं की निमूट परत जातं. "रूम दिली की ती बांध फोडत नाही, बाबा," ती म्हणाली. ही माहिती होती की मला उद्देशून काही होतं, मला कळलं नाही. मी आपला कुरणाकडे बघत राहिलो. तिथे हंसबदकं चरत होती, शेकड्यांनी.

आता एक शब्द सांगायला हवा, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. शब्द आहे 'बघू'.

पुण्यात आमच्या घरी 'नाही' म्हणायची पद्धत नव्हती. वडील फार सभ्य गृहस्थ. सायकल हवी म्हटलं, बघू. सहलीला जाऊ? बघू. या 'बघू'त कुणी काही बघायचं नसतं, हे आम्हा भावंडांना फार लवकर कळलं. इंग्रजीतल्या वुई'ल सी मध्ये थोडी फट असते, आशेचा कवडसा येईल एवढी. मराठी बापाच्या 'बघू'त तेवढीही नसते. पुढे मी इकडे आलो आणि दर वर्षी फोनवर वडील विचारायचे की पुढच्या वर्षी परत येताय ना कायमचे. मी म्हणायचो, बघू. ते घसा साफ करायचे. मग विचारायचे, तिकडे वारा आहे का रे आज? सिडनीतल्या वाऱ्याशी त्यांचा काय संबंध! पण मी सांगायचो, आहे थोडा. आणि बोलणं सुरळीत व्हायचं.

सई हा शब्द माझ्याकडूनच शिकली. तिला कुत्रा हवा होता. मी बघू म्हटलं. पहिली-दुसरीतली पोर, शाळेत मैत्रिणींना सांगून आली की कुत्रा येणार. वाट बघून बघून एक दिवस तिने आईला जाऊन सांगितलं, बाबाचं बघू मीन्स नो. वसुधा हा किस्सा आल्यागेल्याला सांगायची आणि सगळे हसायचे, मीसुद्धा.

तर त्या सहलीत पडलो कसा? पुण्यातल्या जुन्या सायकलवाल्यांना एक खोड असते. उतारावर सायकल आपोआप चालली की पाय स्वस्थ बसत नाहीत. उलटं पायडल मारायचं आणि चेनची टकटकटक ऐकत जायचं. त्या आवाजात मोठं सुख आहे. टिळक रोडवरून कॉलेजला जाताना मी सगळा उतार असाच ऐकत जायचो. भाड्याने घेतलेल्या त्या डच सायकलीला मात्र उलटं पायडल म्हणजेच ब्रेक. दुकानदाराने सांगितलं होतं, सईने बजावलं होतं, आणि पहिल्या दिवशी चार गचके खाऊन मी शिकलोही होतो. पण डेव्हेंटर जवळ आलं, पलीकडच्या काठावर जुन्या चर्चचा मनोरा दिसायला लागला, बांधावरून खाली जाणारा छानसा उतार लागला आणि मी क्षणभर खुशीत आलो. पाय आपोआप मागे फिरले. मागचं चाक जाग्यावर थांबलं आणि मी मेंढ्यांच्या लेंड्यांवरून घसरत सरळ गवतात.

डोकं वाचलं. काटा मोडला. गुडघा टरारून सुजला आणि सायकलीचं हँडल वाकडं झालं. सई धावत आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हेल्मेटला नावं न ठेवता तिने ते माझ्या डोक्यावरून हलकेच काढलं आणि सगळीकडून बघितलं. माझी सायकल कुंपणाला बांधून दुकानाला फोन केला. मग आपल्या सायकलीवर बसून एक पाय जमिनीला टेकून म्हणाली, "बस मागे."

मी म्हटलं, अगं, माझं वजन बघ. तर म्हणाली, इथे सगळे असेच जातात, सोफ्यासुद्धा नेतात. खरंच होतं ते. रोज बघत होतो, पोरं-पोरी, म्हातारा-म्हातारी, कॅरियरवर एका बाजूला पाय सोडून बसलेली. अख्खा देश डबलसीट.

सिडनीत हे चालत नाही. सई लहान असताना एकदा तिला कॅरियरवर बसवून मी गल्लीला चक्कर मारली होती. शेजारचा म्हातारा कुंपणाशी आला. आमच्या लहानपणी या डबलसीटला 'डिंक' म्हणायचो, मेट, आता फाइन बसेल, असं हसत म्हणाला. त्याने वाईट काही सांगितलं नाही, पण मी लगेच तिला उतरवलं. ती उतरायला तयार नव्हती. हातपाय झाडून रडली होती. तिची डबलसीट तेवढीच.

आणि आता मी मागे आणि ती पुढे. बसायची रीत मी विसरलो नव्हतो. सायकल चालू लागल्यावर दोन पावलं लंगडत पळालो आणि टुणकन उडी. सायकल झोकांडली, सावरली. डबलसीटचे काही नियम असतात, ते पुण्यातल्या प्रत्येकाला पाठ. मागच्याने हलायचं नाही. वळणावर शहाणपणाने उलटीकडे झुकायचं नाही. आणि पुढच्याला शिकवायचं नाही. मी लगेच तिसरा नियम मोडला, डावीकडून घे म्हणालो. "बाबा, हलू नको," ती म्हणाली. मग, "घट्ट धर."

तिचा जोर लागत होता, वारा समोरून होता, आणि म्हणून की काय, ती सगळं मराठीत बोलत होती. ब्लॅकटाउनच्या पार्कात तिला सायकल शिकवताना कॅरियर धरून मागे धावत मी जे ओरडायचो तेच शब्द. हलू नको. घट्ट धर. समोर बघ. तिला मराठी सायकलीइतकीच येते म्हणायची. एकदा शिकलेली, न विसरलेली.

मी तिचा कोट धरून बसलो होतो. तिचा चेहरा मला दिसत नव्हता आणि माझा तिला. तिच्या केसांत गवताची एक काडी अडकली होती. वाटलं, आता. समोरासमोर बसून हे मला कधीच जमणार नाही.

"सई, परत कधी येणार आहेस तू? कायमची?"

तिचे पाय चालत राहिले. सायकल जराही हलली नाही. दोन्ही बाजूंना पॉप्लरची झाडं सळसळत होती आणि बराच वेळ तेवढंच ऐकू येत होतं. तिने ऐकलं नसेल असं मला वाटू लागलं होतं, जवळजवळ तशी आशाच वाटू लागली होती. मग ती म्हणाली, "बघू."

वुई'ल सी नाही म्हणाली. आय डोन्ट नो, बाबा, असंही नाही. आयुष्यभर मला बहुतेक उत्तरं इंग्रजीतच देणाऱ्या माझ्या मुलीने या एका प्रश्नाचं उत्तर मराठीत दिलं. माझ्याच आवाजात दिलं.

मागच्याने हलायचं नसतं, म्हणून मी हललो नाही. मग माझ्याच कानांना ऐकू आलं, मी म्हणत होतो, "वारा जास्तच आहे ना आज?"

"आहे थोडा," सई म्हणाली.

नदी ओलांडायला तिथे छोटी बोट आहे. वसुधाच्या माहेरी कोकणात खाडी ओलांडणाऱ्या अशा बोटीला 'तर' म्हणतात. तरीवर आम्ही दोघंच होतो. सई सायकल धरून उभी आणि मी बाकावर पाय लांब करून. पाणी फार नव्हतं, पण ओढ होती. बोट तिरकी तिरकी जात होती. समोर गावाच्या विटांच्या भिंती, मनोरा, धक्क्यावर कॉफी पिणारी माणसं. सईने खिशातून डेव्हेंटरचा प्रसिद्ध मसाल्याचा केक काढून मला तुकडा दिला. दालचिनी होती, लवंग होती. छान होता. मी छान आहे म्हटलं. तिने तेव्हाच माझ्याकडे नीट बघितलं, आणि तिचे डोळे भरलेले होते. वाऱ्यानेही भरतात म्हणा डोळे.

त्या देशात लोक खिडक्यांना पडदे लावत नाहीत. संध्याकाळी लंगडत गावातून चालताना एकेका घरातलं सगळं दिसायचं. दिवा, टेबल, टेबलाभोवती माणसं, भांड्यातून वाफ निघतेय. कुणी बाहेर बघत नाही. आपण मात्र त्यांचं अख्खं आयुष्य बघत पुढे जायचं. एका खिडकीशी सई हळूच थांबली आणि म्हणाली की अशा घरांचे भाव ती आता विचारते आहे. घर शब्द तिने मराठीतच वापरला. मी खिडकीतल्या मांजराकडे बघून म्हटलं, हवेशीर आहे.

उरलेला प्रवास आम्ही आगगाडीने केला. काम्पेनला नदी रुंद होते आणि मग मोठ्या पाण्याला मिळते. शेवटी कुठे नदी संपली आणि कुठे ते पाणी सुरू झालं, ते काठावरून सांगता येत नाही.

सिडनीला विमानतळावर वसुधा घ्यायला आली होती. मोटारीत बसेपर्यंत तिने गुडघा, जेवण, थंडी सगळं विचारून घेतलं. मग किल्ली लावली आणि गाडी सुरू न करता विचारलं, काय म्हणाली?

मी सांगितलं, "बघू म्हणाली."

वसुधा स्टिअरिंगवर हात ठेवून बसली. "इंग्रजीत का मराठीत?"

"मराठीत."

तिने मान हलवली आणि गाडी सुरू केली. रडली नाही. पेंडल हिलच्या देशी दुकानात थांबून कोथिंबीर घेतली, कढीपत्ता घेतला. दुकानदाराने मुलगी कशी आहे विचारलं, तर मजेत आहे म्हणाली. ते खरंच होतं. सई मजेत आहे, एकटी नाही. एकटे आम्ही आहोत, चार बेडरूमच्या घरात, दोघं एकेका टोकाला. वर्षभरात तिच्या खोलीची चादर वसुधाने दर महिन्याला बदलली आणि मी दर महिन्याला ते बघून न बघितल्यासारखं केलं.

परवा काटे लावून झाले आणि तिन्हीसांजेला सईचा फोन आला. तिच्याकडे सकाळ. आवाज नेहमीपेक्षा चढा होता. घर मिळालं होतं, डेव्हेंटरला, नदीपासून जवळ. खाली एक जादा खोली आहे, जिना चढायला नको, मागे अंगण आहे. मग तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. बाबा आता रिटायर होणार, आईच्या गुडघ्यांना तिथे सपाटीच सपाटी, पेरंट्सचा व्हिसा कसा मिळतो ते तिने विचारून ठेवलंय. तिने हे कितीतरी दिवस मनात घोळवलं असणार. मला तिची पाठ आठवली, केसांतली काडी आठवली.

"तुम्हीच या ना दोघं इकडे," ती म्हणाली. "कायमचे."

फोन स्पीकरवर होता. वसुधा ओट्याशी वाटाणे सोलत होती, तिचे हात थांबले. तिने माझ्याकडे बघितलं. खिडकीबाहेर युकॅलिप्टसवर तो मॅगपाय बसला होता. दिवसभर लोकांच्या डोक्यांवर धावून गेलेला, आता मवाळ होऊन गात होता. या घरात भिंतीला ड्रिल मीच मारलं आहे, लिंबाचं झाड मीच लावलं आहे. पुणं सोडून एकदा झालं आहे. पुन्हा एकदा ते करायचं बळ अंगात कुठून आणायचं? मी तिला हे सगळं सांगणार होतो. तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते एवढंच.

"बघू."

वसुधाने मान खाली घातली आणि पुढची शेंग उचलली. आयसेलच्या काठी कुठेतरी चर्चची घंटा होत होती, ती फोनमधून बारीक ऐकू आली. मग सईने घसा साफ केला.

"बाबा," ती म्हणाली, "तिकडे वारा आहे का रे आज?"